प्रतिकृती आणि प्रत्यक्ष वस्तू
(इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानास पूरक पाठ)

हेतू : प्रतिकृतीवरून काय कळते व काय कळत नाही, याची विद्यार्थ्यांना जाणीव करून देणे.

विषयप्रवेश : पृथ्वीगोल, मातीचा उठावाचा नकाशा, पुठ्ठ्याचे धरण अशा प्रतिकृती शिक्षक वर्गात नेहमी वापरतात. परंतु त्यांची मर्यादा सांगितली नाही, तर विद्यार्थी प्रतिकृतीलाच वस्तू समजतो. हा प्रश्न मोठमोठ्या अभियंत्यांनाही चुकलेला नाही. मोटारगाडीच्या उदाहरणावरून तो चांगला स्पष्ट होतो.

विषयविवेचन : धावत्या गाडीला हवा विरोध करते. वेग दुप्पट झाला की हा रोध सुमारे चौपट होतो व इंधन अधिक खर्ची पडते. रोध मोजण्यासाठी गाडी एका बोगद्यात स्थिर ठेवून तिच्यावर पंख्याने वारा सोडतात. पूर्ण आकाराच्या गाडीस फार मोठा बोगदा लागतो. म्हणून पुष्कळदा लहान प्रतिकृती तपासतात. आकारमान, वेग व हवेची घनता यांचा हिशेब वेगळा काढल्यावर गाडीच्या घडणीची निदर्शक अशी जी संख्या उरते, तिला रोधगुणांक म्हणतात. तो जितका कमी, तितकी गाडी हवेतून सहज जाते.

चेकोस्लोव्हाकियात १९३६ साली ‘तात्रा ८७’ ही मागे निमुळती होत गेलेली गाडी निघाली. १९४१ साली तिच्या एक-पंचमांश प्रतिकृतीचा रोधगुणांक ०.२४४ भरला. पुढे १९७९ साली जर्मनीतील फोक्सवॅगनच्या बोगद्यात प्रत्यक्ष गाडी तपासली, तेव्हा तो ०.३६ आला, म्हणजे जवळजवळ दीडपट.

असा फरक पडण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिले घडणीचे. प्रतिकृती बहुधा गुळगुळीत असते. खऱ्या गाडीला दारांच्या फटी, मुठी, दिवे, फिरती चाके व तळाची उघडी यंत्रसामग्री असते. शिवाय इंजिन थंड ठेवण्यासाठी हवा आत घ्यावी लागते. यांपैकी प्रत्येक बाब रोधात थोडीथोडी भर घालते.

दुसरे कारण हवेचे. गाडी लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली नळीतील पाण्यावर प्रयोग करून दाखविले की, प्रवाहाचे स्वरूप वेग, आकारमान, घनता व चिकटपणा या चारींच्या मेळावर ठरते. त्यानुसार एक-पंचमांश प्रतिकृतीवर वारा पाचपट वेगाने सोडावयास हवा. ताशी १०० किलोमीटरसाठी ताशी ५०० किलोमीटर! पण इतक्या वेगात हवा दाबली जाऊ लागते व प्रवाहच बदलतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेत लँग्ली येथे १९२० च्या दशकात विमानांच्या प्रतिकृतींसाठी बोगद्यातील हवाच सुमारे वीसपट दाबाची केली. वेग न वाढविता मेळ साधला.

म्हणून प्रतिकृती निरुपयोगी ठरत नाही. दोन घडणींपैकी बरी कोणती, हे ती थोड्या खर्चात सांगते; अंतिम आकडा मात्र प्रत्यक्ष गाडीवरच पडताळावा लागतो.

वर्गकार्य :
१. जमिनीवर पाच वीत बाजूचा चौरस आखून त्यात एक वीत बाजूचे चौरस मोजावेत. ते २५ भरतील. लांबी पाचपट होताच क्षेत्रफळ पंचवीसपट होते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.
२. पेटत्या मेणबत्तीपुढे गोल बाटली ठेवून फुंकर मारावी, ज्योत विझते. बाटलीच्या जागी तेवढ्याच रुंदीचा सपाट पुठ्ठा धरावा. ज्योत सहसा विझत नाही. हवा गोल पृष्ठाला धरून वळते, पुठ्ठ्याच्या कडेपाशी मात्र सुटते.
३. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एव्हरेस्टची उंची किती, हे त्रैराशिकाने काढावे. ती पाव मिलिमीटरही भरत नाही. मग उठावाच्या नकाशात डोंगर एवढे उंच का दाखवितात?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये. विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.