खुब्याचे स्नायू : प्रत्येक पावलाचे मूक सेवेकरी

सत्संग संपला की जमिनीवरून उठताना आपल्यापैकी कितीजणी शेजारणीचा खांदा शोधतात! दोष आपण गुडघ्यांना देतो. पण उठण्याचा मोठा भार खुब्याचे स्नायू उचलतात. आज त्यांचीच ओळख करून घेऊ या.

मांडीचे हाड कमरेच्या हाडाला मिळते तो खुबा. वाटीत गोळा बसावा तसा हा सांधा, म्हणून पाय सगळ्या बाजूंना फिरतो. त्याला हलवणारे मुख्य स्नायू असे :

१) मागचा, ग्लूटिअस मॅक्सिमस : शरीरातला सर्वांत मोठा स्नायू. खालून उठणे, जिना चढणे, आपल्या अरेरा हिल्सवरच्या बिर्ला मंदिराचा चढ, हे सगळे त्याच्या जोरावर. सपाट रस्त्यावर हळू चालताना त्याला फारसे काम पडत नाही.

२) बाजूचा, ग्लूटिअस मीडिअस : चालताना दर पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो. तेव्हा टेकलेल्या पायाच्या बाजूचा हा स्नायू कंबर दुसरीकडे कलू देत नाही. तो अशक्त झाला की चाल डुलते, तोल सांभाळणे अवघड होते.

३) पुढचा, इलिओसोआस : कणा आणि कमरेच्या हाडापासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला. पाऊल उचलतो तो हाच. तासन्‌तास बसून तो आखडतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी घरोघरी पोचवलेल्या सूर्यनमस्कारात आपण एक पाय मागे नेतो ना, तेव्हा मागच्या पायाचा हाच स्नायू ताणला जातो.

म्हातारपणी खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडते. म्हणून तोल आधीच राखायचा. घरी एवढे करू या :

• भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता ८-१० वेळा उठणे-बसणे.
• ओट्याला धरून एकेका पायावर १० सेकंद उभे राहणे. कंबर एका बाजूला कलते का, ते घरच्यांना पाहायला सांगावे.

ज्यांचे खुब्याचे ऑपरेशन झाले आहे, ज्यांना दुखते किंवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक विनंती. सत्संगात खुर्ची मागणाऱ्या ताई-काकूंना कुणी टोकू नये. उलट त्यांना खुर्ची आपणच आणून द्यावी, आणि मग त्यांच्यासोबत दहा वेळा उठावे-बसावे!

– सेवेकरी भगिनी, भोपाळ