एक सर्व्हर, तीन सबनेट : शाळेतील संगणकांना पत्ते कसे वाटावे

आपल्या जिल्ह्यातील ज्या मोठ्या शाळांतून कार्यालय, संगणक-कक्ष आणि शिक्षकांचे मोबाइल ही सारी एकाच जाळ्यावर चालतात, तेथील मुख्याध्यापकांच्या व संगणक पाहणाऱ्या शिक्षकांच्या उपयोगासाठी हा पाठ आहे. कार्यालयातील संगणकावर विद्यार्थ्यांची जात, दिव्यांगत्व, आधार क्रमांक अशा नोंदी असतात. मुलांच्या हाताळणीतील संगणक त्याच जाळ्यावर मोकळे असणे बरे नव्हे. म्हणून जाळ्याचे भाग पाडावयाचे. त्यासाठी निराळ्या तारा ओढण्याचे कारण नाही. व्हीलॅनची सोय असलेले स्विच एकमेकांमधील एकाच तारेवरून जाणाऱ्या संदेशांवर त्या त्या भागाचा क्रमांक घालतात व एका भागाचा संदेश दुसऱ्यात मिसळू देत नाहीत.

समजा, कार्यालयास १०, संगणक-कक्षास २० व मोबाइलांस ३० हा क्रमांक दिला. प्रत्येक भागास स्वतःचे सबनेट हवे. ती अनुक्रमे १९२.१६८.१०.०, १९२.१६८.२०.० व १९२.१६८.३०.० अशी योजावी. तिसरा आकडा व्हीलॅनच्या क्रमांकाशी जुळता ठेवला म्हणजे पत्ता वाचताच यंत्र कोठले हे समजते. सबनेट-मास्क २५५.२५५.२५५.० असता प्रत्येकात २५६ पत्ते येतात; पहिला जाळ्याचा व शेवटचा सर्वांस उद्देशून असल्याने यंत्रांस २५४ उरतात. (अंक येथे देवनागरीत छापले आहेत, यंत्रात मात्र ते इंग्रजीच भरावेत.)

हे पत्ते हाताने भरू लागल्यास एकच पत्ता दोन यंत्रांस जाण्याचा प्रमाद हमखास घडतो. ते काम डीएचसीपी सर्व्हरवर सोपवावे. ही पद्धती १९९३ साली मानक म्हणून प्रथम प्रसिद्ध झाली व १९९७ साली तिला आजचे रूप आले. यंत्र चालू होते तेव्हा त्यास स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कोठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून ते जणू दवंडी पिटते : मला पत्ता कोणी देईल काय? सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागून घेते, सर्व्हर मान्यता देतो. चार संदेशांत व्यवहार आटोपतो.

परंतु दवंडी गावाच्या शिवेपलीकडे ऐकू जात नाही. केळापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात पिटलेली दवंडी पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत कोण ऐकणार? तेथे कोतवालाने अर्ज घेऊन जावे लागते. अर्जावर गावाचे नाव असते, आणि कारकून नेमके त्या गावचे दप्तर उघडतो. जाळ्यातील कोतवालास डीएचसीपी रिले म्हणतात. तो राउटरमध्ये, किंवा राउटरचे काम करणाऱ्या स्विचमध्ये बसतो. संगणक-कक्षातील मागणी कार्यालयाच्या सबनेटमधील सर्व्हरकडे नेताना तो तीवर त्या बाजूचा आपला पत्ता, म्हणजे १९२.१६८.२०.१, लिहितो. तो वाचूनच सर्व्हर वीस क्रमांकाच्या साठ्यातून पत्ता देतो.

यावरून दोन कामे निघतात. सर्व्हरवर प्रत्येक सबनेटसाठी स्वतंत्र साठा, ज्यास स्कोप म्हणतात, तो नोंदवावा. त्यात ५१ ते २०० असे १५० पत्ते, त्या भागाचा गेटवे, डीएनएस व मुदत द्यावी. प्रिंटर व खुद्द सर्व्हर यांचे पत्ते ५० च्या आतले, कायमचे असावेत. दुसरे काम असे की, ज्या व्हीलॅनमध्ये सर्व्हर नाही त्या प्रत्येकाच्या गेटवेवर रिले चालू करून त्यास सर्व्हरचा पत्ता सांगावा.

हे दुसरे काम फार विसरले जाते. माझ्या पाहण्यातील एका शाळेत कार्यालयाचे संगणक सुरळीत चालत, कक्षातील एकही चालेना. दुरुस्तीवाल्याने तारा बदलल्या, मग स्विच बदलला. पंधरा दिवस मुलांचे संगणकाचे तास बुडाले. प्रत्येक यंत्रावर १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता दिसत होता. सर्व्हरचे उत्तर न आल्यास यंत्र असा पत्ता स्वतःच घेते, हे कोणी ध्यानात घेतले नाही. रिलेची एक ओळ भरताच कक्ष चालू झाला.

मुदतीविषयी थोडे. पत्ता हा भाडेपट्ट्याने दिलेला असतो. सामान्यतः निम्मी मुदत सरताच यंत्र तो वाढवून मागते. संगणक-कक्षास आठ दिवसांची मुदत चालेल. मोबाइलांस मात्र चार तासच द्यावी, नाहीतर पालकसभेस येऊन गेलेल्यांचे पत्ते आठवडाभर अडकून राहतात.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. सबनेट वेगळी केली एवढ्याने नोंदी सुरक्षित होत नाहीत. राउटर मनाई नसल्यास एका सबनेटातील संदेश दुसऱ्यात नेऊन पोचवतोच. २० व ३० मधून १० मध्ये जाण्यास तेथे स्पष्ट मनाई लिहावी. पट्टा वाढवून मागण्यासाठी यंत्र सर्व्हरशी थेट बोलते, म्हणून सर्व्हरकडे जाणारी डीएचसीपीची वाट (यूडीपी पोर्ट ६७) तेवढी मोकळी ठेवावी. डीएनएसही त्याच सर्व्हरवर असेल तर पोर्ट ५३ सुद्धा.

मांडणी झाल्यावर एकच लॅपटॉप घेऊन तो प्रथम कार्यालयातील व मग संगणक-कक्षातील तारेस जोडावा, आणि शेवटी मोबाइलांच्या वायफायवर घ्यावा. पत्त्यातील तिसरा आकडा १०, २०, ३० असा बदलत गेला पाहिजे. आणि कक्षातून कार्यालयातील प्रिंटर दिसता कामा नये.