ॲव्हरेज दिवाळीनंतर का पडलं?

प्रश्न : माझी २०१६ची पेट्रोल गाडी आहे. लेक नाशिकला शिकत होती तोवर दर आठवड्याला तिकडे चक्कर व्हायची आणि लिटरला १७ सहज मिळायचे. आता गाडी विंचूर-लासलगाव एवढीच फिरते. दिवाळीपासून ॲव्हरेज १३वर आलंय. पंपावरचा म्हणतो, इथेनॉलमुळे. मिस्त्री म्हणतो, इंजेक्टर साफ करू. सकाळी सेल्फही जड जातो. खरं कोणाचं मानू?
– एक वाचक, विंचूर

उत्तर : पंपावाल्याचं थोडं खरं आहे, मिस्त्रीची घाई आहे, आणि खरं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय : ‘आता गाडी विंचूर-लासलगाव एवढीच फिरते.’

गार इंजिनाला चालत राहण्यासाठी जादा पेट्रोल लागतं. ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्स जड असतो. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही लासलगावच्या बाजार समितीच्या दारात पोचलेले असता. दोन-तीन तासांनी निघालात की पुन्हा गार इंजिन. नाशिकच्या फेरीत हा खर्च सुरुवातीच्या काही किलोमीटरांपुरता असायचा, पुढचा सगळा रस्ता इंजिन गरम. त्यात तुमचा निफाड तालुका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आमच्याकडे पुण्यात बातमी होते. तुमची गाडी त्या थंडीत रात्रभर अंगणात उभी असते. आणि दिवाळीनंतर लाल कांदा सुरू झाला की विंचूरच्या तीनपाटीपासून ट्रॅक्टर-पिकअपच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. नुसतं उभं इंजिनसुद्धा तासाला अर्धा ते एक लिटर पितं, आणि त्या वेळचं ॲव्हरेज शून्य.

कंपनीचा आकडा मनातून काढून टाका. तो रोलरवर, एसी बंद ठेवून, कमाल ताशी ९० किलोमीटरच्या ठरावीक चक्रात काढतात. त्या चक्राचं नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, म्हणजे लघुरूप एमआयडीसी. तुमच्या वाईन पार्कच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही, आणि तुमच्या रस्त्याशी तर त्याहून नाही.

आता इथेनॉल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. पंपावर आता २० टक्के मिश्रण मिळतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. तुमच्या १७वर ती सव्वा किलोमीटरही होत नाही, आणि १० टक्के मिश्रण तर तुमच्या गाडीत आधीपासूनच जात असणार. तुमचे तर चार गेलेत. तेव्हा सगळं खापर मक्या-उसावर फोडू नका. त्यातला मका कदाचित तुमच्याच शिवारातला असेल.

मात्र १३ हा आकडा काढला कसा? काट्यावर बघून, की ‘हजाराचं टाकलं आणि इतकं चाललो’ असा? टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीनशेएक किलोमीटरनंतर त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा तसंच भरा आणि चाललेले किलोमीटर आत्ता भरलेल्या लिटरने भागा. मापाचा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक आहे. ते मागायला लाजू नका. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढे नाही.

आकडा खरा निघाला तर दोन गोष्टी बघाच. पहिली थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन कधी नीट तापतच नाही आणि गाडी उन्हाळ्यातही हिवाळ्यासारखी पिते. सकाळी गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा, पंख्यापासून हात लांब ठेवून. काही मिनिटं तो गार राहून मग एकदम तापला तर ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, किंवा डॅशबोर्डवरचा निळा दिवा जाता जात नसेल, तर थर्मोस्टॅट बदला. दुसरी गोष्ट धरून राहिलेला ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जा, शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही रिमच्या जवळ हात न्या. एकच चाक भाजण्याइतकं तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. हॅंडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

हवा महिन्यातून दोनदा, टायर गार असताना भरा. एअर फिल्टर बदलायला कोणी सांगितलं तर बदला, कांद्याच्या धुरळ्यात तो लवकर भरतो. पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत त्याने पिकअप सुधारतो, ॲव्हरेज फारसं नाही.

सेल्फ जड जाण्याचं मूळही त्याच छोट्या फेऱ्यांत असू शकतं. स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं दहा मिनिटांत भरून येईलच असं नाही, आणि थंडीत तिची ताकद आणखी घटते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. गाडी चालू असताना १४च्या आसपास दिसत नसेल तर नवी बॅटरी घ्यायच्या आधी अल्टरनेटर तपासा. एकदा ऑइल भरायचं झाकणही उघडून बघा. आतून दुधाळ फेस असेल तर ते बहुधा तापायला न मिळालेल्या इंजिनातलं पाणी आहे. मात्र कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घेऊन सरळ गॅरेज गाठा.

पंधरवड्यातून एकदा गाडी नाशिकपर्यंत पळवा. लेकीचं शिक्षण संपलं असलं तरी काहीतरी काम निघेलच. एक टाकी अशी वापरून पुन्हा मोजा. ॲव्हरेज चढलं तर गाडी निरोगी आहे. नाही चढलं, चेक लाइट लागली किंवा न्यूट्रलला इंजिन थरथरायला लागलं, तर मिस्त्रीला आधी स्कॅनर लावायला आणि प्लग काढून दाखवायला सांगा. इंजेक्टरचा नंबर त्यानंतर.