जन्मतःच ईश्वराची जाणीव असते का?

प्रस्तावना

तान्हे बाळ झोपेत गालांतल्या गालांत हसले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'सटवाई हसवते आहे.' बाळाचे नाते देवाशी मोठ्या माणसांपेक्षा जवळचे असते, अशी समजूत यामागे आहे. ही समजूत कितपत खरी? मूल जन्माला येताना ईश्वराची काही जाणीव बरोबर घेऊन येते, की ती जाणीव त्याला आपण देतो? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही–
१. जन्मजात क्षमता आणि शिकलेली श्रद्धा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
२. या प्रश्नावरील परंपरेचे, तत्त्वज्ञांचे व संशोधकांचे विचार सांगू शकाल;
३. एखाद्या पुराव्यावरून किती निष्कर्ष काढावा, याचा विवेक करू शकाल.

मूळपाठ

चेन्नई शहरातील मैलापूर येथे कपालीश्वराचे प्रसिद्ध मंदिर आहे. पंगुनी महिन्यातील उत्सवात तेथे त्रेसष्ट नायनमारांची, म्हणजे तमिळ शैव संतांची, मिरवणूक निघते. या संतांमध्ये एक बालसंत आहे. त्याचे नाव तिरुज्ञानसंबंधर. तो सातव्या शतकात होऊन गेला. तीन वर्षांचा असताना शीर्काळी येथील तलावाकाठी तो रडू लागला, तेव्हा पार्वतीने त्याला दूध पाजले, अशी कथा आहे. 'दूध कोणी दिले?' असे वडिलांनी दरडावून विचारताच त्या बालकाने बोट वर करून शिवाची स्तुती गायिली. बोट वर केलेल्या बालकाच्या रूपातील त्याच्या मूर्ती तमिळनाडूत अनेक मंदिरांत दिसतात.

महाराष्ट्रातील वाचकाला अशा कथा परक्या नाहीत. ध्रुव आणि प्रल्हाद आपल्या परिचयाचे आहेत. मात्र या कथा नीट वाचल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. पाच वर्षांच्या ध्रुवाला मंत्र दिला तो नारदाने. प्रल्हादाने भक्तीचा उपदेश ऐकला तो मातेच्या उदरात असताना, तोही नारदाच्याच मुखातून. संबंधराला ज्ञान मिळाले ते दुधातून. म्हणजे कथांमधील बालकेसुद्धा ज्ञान कोणाकडून तरी घेतात. देणारा मात्र असामान्य असतो.

तत्त्वज्ञांनीही बालकाकडे पुरावा म्हणून पाहिले. प्राचीन न्यायदर्शनात असा युक्तिवाद आहे, की नवजात बालकाला हर्ष आणि भय होते, त्याला स्तनपानाची इच्छा होते. या जन्मात त्याने काहीच अनुभवले नसल्यामुळे हा पूर्वजन्मीच्या अभ्यासाचा परिणाम मानला पाहिजे. प्रतिपक्षाचा आक्षेपही तेथेच नोंदविला आहे. कमळ आपोआप उमलते व मिटते, लोखंड चुंबकाकडे ओढले जाते. त्यांनाही पूर्वजन्म मानायचा काय? यावर नैयायिक उत्तर देतात, की कमळाचे उमलणे ऊन, थंडी, पाऊस अशा कारणांनी घडते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या युक्तिवादातून नैयायिकांनी आत्म्याचे नित्यत्व सिद्ध करू पाहिले, ईश्वराचे ज्ञान नव्हे. ईश्वरसिद्धीसाठी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात अनुमानांचा आधार घेतला.

इस्लामी परंपरेत प्रत्येक मूल 'फितरत'वर, म्हणजे मूळच्या शुद्ध प्रकृतीवर, जन्मते असे मानतात. सतराव्या शतकात युरोपातील देकार्त या तत्त्वज्ञाने ईश्वराची कल्पना मनात जन्मतःच असते असे मांडले, तर त्याच शतकात जॉन लॉकने ते नाकारले. ती जन्मजात असती, तर सर्व बालकांत व सर्व समाजांत आढळली असती, असे लॉकचे म्हणणे होते. विसाव्या शतकात तमिळनाडूत पेरियार ई. व्ही. रामस्वामी (१८७९–१९७३) यांनी हा नकार रस्त्यावरच्या सभांपर्यंत नेला. १९२५ साली सुरू झालेल्या स्वाभिमान चळवळीचे हे नेते ईश्वर ही मानवाचीच निर्मिती आहे असे प्रतिपादन करीत. चेन्नईतील वेपेरी भागात त्यांची समाधी आहे. संबंधराचा उत्सव आणि पेरियारांचे स्मारक एकाच शहरात आहेत.

याच शहरातील अड्यार भागात एका शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने बालमनाचा वेगळ्या दृष्टीने विचार मांडला. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आल्या. त्या इटालियन असल्याने दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना भारतात दीर्घ काळ राहावे लागले. येथील व्याख्यानांतून त्यांचा 'द ॲब्सॉर्बंट माइंड' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९४९ साली अड्यारहूनच प्रसिद्ध झाला. बालकाचे मन भोवतालचे सर्व काही टिपकागदासारखे शोषून घेते, हे त्यातील मुख्य सूत्र होय. मूल भाषा घेऊन जन्मत नाही. भाषा आत्मसात करण्याची शक्ती घेऊन जन्मते. चेन्नईत वाढले तर ते तमिळ बोलेल, सोलापुरात वाढले तर मराठी. भाषेप्रमाणेच चालीरीती, आदर आणि श्रद्धाही मूल परिसरातून उचलते, असे मॉन्टेसरींचे निरीक्षण होते.

पुढील संशोधनाने या विचारात भर घातली. जन्मानंतर अल्पावधीतच अर्भके इतर आकृत्यांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे अधिक वळतात. तीन दिवसांच्या आतील अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, असे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. गर्भातील शेवटच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येत असल्यामुळे ही ओळख जन्मापूर्वीच सुरू झालेली असते. परंतु हे ज्ञान माणसांचे आहे. ईश्वराची जाणीव नवजात अर्भकात मोजता येईल अशी कसोटी कोणाजवळ नाही. कारण जाणीव व्यक्त करण्यास लागणारी भाषा अर्भकाजवळ नसते.

थोड्या मोठ्या मुलांविषयी अधिक सांगता येते. विस्कळीत वस्तूंची सुव्यवस्थित मांडणी झालेली दिसली, तर ती कोणा सजीवाने केली असावी, अशी अपेक्षा बारा महिन्यांची बालके ठेवतात, असे २०१० सालच्या एका अभ्यासातून सूचित झाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांना असे आढळले, की लहान मुले निसर्गातील गोष्टींना हेतू चिकटवतात. ढग कशासाठी? पाऊस पाडण्यासाठी. खडक टोकदार का? प्राण्यांना अंग खाजविता यावे म्हणून. प्रत्येक वस्तूमागे कोणाचा तरी हेतू शोधणाऱ्या या मनाला 'जग कोणीतरी निर्माण केले' हा विचार सहज पटतो.

मात्र सहज पटणे वेगळे आणि आधीच ठाऊक असणे वेगळे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या मुलांना धार्मिक चमत्काराच्या गोष्टी सांगितल्या. धार्मिक वातावरणात वाढणाऱ्या मुलांनी गोष्टीतील पात्र खरे मानले. तसे वातावरण नसलेल्या मुलांनी ते बहुधा काल्पनिक ठरविले. श्रद्धेचा आशय घराकडून आणि समाजाकडून येतो, हे यावरून दिसते. सुपीक जमिनीत बी लवकर रुजते, परंतु कोणते बी पेरायचे हे जमीन ठरवीत नाही.

यावरून आस्तिकाने वा नास्तिकाने घाईने विजय मानू नये. मुलांचा कल हेतू शोधण्याकडे असतो, म्हणून ईश्वर आहे असे सिद्ध होत नाही. ती कल्पना शिकविली जाते, म्हणून ईश्वर नाही असेही सिद्ध होत नाही. गणितही शिकविलेच जाते. एखादा विचार मनात कसा आला आणि तो खरा आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

बालकांशी दररोज संबंध येणाऱ्या माणसाला मात्र या चर्चेतून एक जबाबदारी कळते. बालक काहीही न निवडता शोषून घेते. त्याच्यासमोर हात जोडणाऱ्या आजीची शांतता त्याच्यात उतरते. 'देव डोळे फोडील' ही धमकीही तितकीच खोल उतरते. शेजारच्या घरातील वेगळ्या उपासनेविषयी काढलेला तुच्छतेचा शब्दही ते विसरत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. शासनमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते, असे अनुच्छेद २८ सांगतो. पालकाच्या हाती आलेला हा अधिकार मूल मोठे होईपर्यंत सांभाळावयाची ठेव आहे. पुढे त्याने स्वतः विचार करून श्रद्धा स्वीकारावी किंवा नाकारावी, इतकी मोकळीक त्याच्या मनात शिल्लक राहिली पाहिजे.

शब्दार्थ

जन्मजात – जन्मापासून असलेले
नैयायिक – न्यायदर्शनाचे अनुयायी
प्रतिपक्ष – विरुद्ध मत मांडणारा पक्ष
अनुमान – ज्ञात गोष्टीवरून अज्ञात गोष्टीविषयी काढलेला निष्कर्ष
अज्ञान मूल – (कायद्यात) सज्ञान न झालेले मूल
ठेव – विश्वासाने सांभाळण्यास दिलेली वस्तू

तुम्ही काय शिकलात

• मूल तयार श्रद्धा घेऊन जन्मते याला पुरावा नाही. माणसे ओळखण्याची, हेतू शोधण्याची व परिसरातून शिकण्याची क्षमता मात्र फार लवकर दिसते.
• श्रद्धेचा आशय घर, भाषा आणि समाज यांतून मिळतो.
• विचाराचा उगम आणि त्याची सत्यता हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

पाठान्त प्रश्न

१. ध्रुव, प्रल्हाद व संबंधर यांच्या कथांतील समान सूत्र स्पष्ट करा.
२. नवजात बालकाविषयी न्यायदर्शनाचा युक्तिवाद व त्यावरील आक्षेप लिहा.
३. 'सहज पटणे वेगळे आणि आधीच ठाऊक असणे वेगळे' या विधानाचे उदाहरणासह विवेचन करा.
४. तुमच्या परिसरात लहान मुलांना देवाची भीती घालून शिस्त लावली जाते का? त्याच्या परिणामांविषयी दहा ओळी लिहा.