सत्ता, गर्व आणि नम्रता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या दिवाळीत सोसायटीचे कर्जाचे पत्र आईला समजावून सांगताना मी मुद्दाम जड शब्द वापरले. "लई शिकलास, बाबा," एवढेच ती म्हणाली आणि अर्थ न कळताच तिने अंगठा उठविला. मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

यंदा पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले आणि तो अभिमान बोचू लागला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया त्यांच्या शब्दावर चालत. विद्या होती, सत्ताही होती. तरी उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला, तो अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी! १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. सर्व काही आपल्या हाती दिलेले आहे, हे ठाऊक असूनच तो कमरेला रुमाल बांधतो. तेव्हा नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे. सामर्थ्य नाकारणेही नव्हे. ते दुसऱ्याच्या पायाशी नेणे म्हणजे नम्रता. गर्व त्याच सामर्थ्याची भिंत बांधतो.

या सुट्टीत ते पत्र आईला पुन्हा वाचून दाखवायचे आहे, तिच्या बोलीत.