नव्या घराचे अंगण : बाग आणि वाहनमार्ग यांचे नियोजन

स्वतःचे घर बांधणे हा सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो. जोत्यापासून रंगापर्यंत प्रत्येक गोष्टीचे अंदाजपत्रक तयार होते, त्यानुसार गृहकर्जाचे हप्ते मिळत जातात. मात्र फाटक आणि उंबरठा यांच्यामधल्या जागेचा विचार सहसा सर्वांत शेवटी, म्हणजे पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आल्यावर होतो. या जागेचे नियोजन कसे करावे, याविषयी फरीदाबाद येथील अनुभवाच्या आधारे थोडे विवेचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

एक बोलके उदाहरण

आमचे एक ग्राहक मूळचे सातारा जिल्ह्यातील. फरीदाबादच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आग्रा कालव्यापलीकडे, ज्याला येथे 'नहरपार' म्हणतात त्या भागात, त्यांनी 250 गजांच्या भूखंडावर घर बांधले. (एक गज म्हणजे एक चौरस यार्ड, 250 गज म्हणजे सुमारे 209 चौरस मीटर.) समोरच्या मोकळ्या जागेत दोन मोटारी उभ्या राहाव्यात अशी चिरंजीवांची इच्छा, तर तुळशीवृंदावन आणि चार फुलझाडे असावीत अशी काकूंची. अखेरीस भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी बसली आणि तुळस कुंडीत गेली.

पहिल्याच जुलैत चूक लक्षात आली. फरशीचा ढाळ रस्त्याकडे न ठेवता घराकडे गेला होता. पावसाचे पाणी उंबरठ्याशी साचले, दिवाणखान्यात शिरले. ओल्या फरशीवर काकू घसरल्या आणि मनगट दुखावले. कर्जाची संपूर्ण रक्कम तोपर्यंत उचलली गेली होती. त्यामुळे फरशी उखडून नवे काम करण्याचा खर्च निवृत्तीच्या पुंजीतून करावा लागला. त्यांच्या संमतीने, नामोल्लेख टाळून, हे येथे सांगत आहे; कारण ही चूक कोणाच्याही घरी होऊ शकते.

भूमी आणि हवामान

फरीदाबादच्या पश्चिमेस अरवलीच्या खडकाळ टेकड्या, तर पूर्वेस यमुनेचा गाळाचा प्रदेश. 1949 नंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे शहर चहूबाजूंनी वाढले. वाढत्या उपशामुळे भूजल खोल गेले. एकेकाळी पर्यटकांनी गजबजलेला बडखल तलाव या शतकाच्या पहिल्या दशकात कोरडा पडला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मे-जूनमध्ये तापमान 45 अंशांच्या आसपास जाते व 'लू' वाहते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि कडाक्याची थंडी. पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. कोकणातील किंवा पुण्यातील बागेची प्रतिकृती येथे तग धरत नाही, ती यामुळेच.

वाहनमार्गाचे गणित

समजा, समोरची जागा 9 मीटर रुंद व 5 मीटर खोल, म्हणजे 45 चौरस मीटर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. वर्षभरात 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर या जागेवर 22,500 लिटर पाणी पडते. सर्वत्र काँक्रीट असेल तर त्यातील बहुतांश गटारात जाते.

आता दुसरा आराखडा पाहू. मोटारीच्या चाकांपुरत्या 60 सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या, मध्ये 90 सेंटिमीटर गवत. पट्ट्यांचे क्षेत्र 6 चौरस मीटर. एक मीटर रुंदीची पायवाट धरली तर आणखी 5. म्हणजे 45 पैकी 11 चौरस मीटर जागा पक्की आणि 34 चौरस मीटर माती मोकळी. या मातीवर पडणारे पाणी 17,000 लिटर. त्यातील सर्वच खोल मुरत नाही, काही बाष्परूपाने जाते; परंतु झाडांना आणि जमिनीला त्याचा लाभ होतो.

दोन मोटारी असतील तर पेव्हर ब्लॉक वापरावेत. वाहनांसाठी ते 80 मिलिमीटर जाडीचे असावेत. खाली दाबून बसवलेल्या खडीचा थर, त्यावर वाळूचा पातळ थर, आणि सांध्यांत सिमेंट न भरता बारीक खडी भरावी. म्हणजे पाणी झिरपते. पृष्ठभाग खडबडीत हवा. ढाळ घरापासून रस्त्याकडे किंवा बागेकडे, पन्नासास एक या प्रमाणात द्यावा. म्हणजे 5 मीटर लांबीत 10 सेंटिमीटर. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ही पातळी गवंड्याकडून आपल्यासमोर मोजून घ्यावी. आणखी एक बाब म्हणजे रस्त्याचे डांबरीकरण वारंवार होते आणि त्याची पातळी चढत जाते. म्हणून जोते आणि अंगण दोन्ही पुरेसे उंच घ्यावे. मात्र फाटकाबाहेरचा चढ सार्वजनिक गटारावर वा पदपथावर आणू नये; त्याने संपूर्ण गल्लीचे पाणी अडते.

गच्चीचे पाणी गाळणीतून शोषखड्ड्यात सोडावे. वाहनमार्गावरील तेलमिश्रित पाणी मात्र थेट कूपनलिकेत सोडू नये. शोषखड्डा पाया व मलटाकीपासून दूर असावा. पर्जन्यजल संधारणाविषयीचे स्थानिक नियम नकाशा मंजुरीच्या वेळीच विचारून घ्यावेत.

बागेची निवड

बांधकामानंतर अंगणात विटांचे तुकडे, चुना व सिमेंट यांचा थर असतो. तो दीड फुटापर्यंत काढून पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरल्याशिवाय झाड लावू नये.

हिरवळ सुंदर दिसते, परंतु तिची तहान मोठी. कडक उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दररोज साधारण पाच लिटर पाणी धरले, तरी 25 चौरस मीटर हिरवळीस 125 लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी 135 लिटर हे प्रमाण मानले जाते. म्हणजे घरात एक माणूस वाढल्यासारखेच झाले! म्हणून हिरवळ लहान ठेवावी आणि उरलेल्या जागेत कमी पाण्यावर जगणारी झाडे लावावीत.

पश्चिमेच्या उन्हासाठी जागा असल्यास कडुनिंब किंवा बहावा. लहान जागेत कांचन, पारिजातक, तगर, लिंबू, डाळिंब. कुंपणावर बोगनवेल, मधुमालती. उन्हाळ्यासाठी मोगरा; तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे तयार केल्यास थंडीत झेंडू, पिटुनिया, डेलिया बहरतात. कण्हेर काटक खरी, पण विषारी. लहान मुले असल्यास टाळावी. वड-पिंपळ कुलातील झाडे पाया व पाण्याच्या टाकीजवळ नकोत. नारळाचा हट्ट धरू नये, येथील थंडी त्यास मानवत नाही. स्थानिक वनस्पती कशा टिकतात हे पाहायचे असल्यास जिल्ह्यातील मांगर बनी हे देवराईसारखे राखलेले वन पाहावे. तेथील धौ वृक्ष ग्रामस्थांच्या श्रद्धेमुळे पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिले.

आर्थिक नियोजन

अंगण, कुंपण, वाहनमार्ग आणि बाग यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून लिहावा. त्यातील कोणता भाग कर्जात समाविष्ट होऊ शकतो, हे शाखेत अर्ज करतानाच विचारावे. अखेरचा हप्ता घेण्यापूर्वी अंगणात दोन बादल्या पाणी ओतून ते कोणीकडे वाहते ते पाहावे. ही चाचणी विनामूल्य आहे. बाग एकाच वर्षात पूर्ण करण्याची गरज नसते. पण ढाळ, नळ आणि मातीची जागा मात्र पहिल्या दिवशीच ठरवावी लागते.

आमच्या त्या ग्राहकांच्या अंगणात आता चाकांच्या दोन पट्ट्या आहेत. दुसरी मोटार पेव्हर ब्लॉकवर उभी राहते आणि मधोमध तुळशीवृंदावन आहे. गेल्या जानेवारीत गेलो तेव्हा काकूंनी तुळशीला धुके लागू नये म्हणून जुन्या साडीचे पांघरूण घातले होते. "इथे तिलाही थंडी वाजते," त्या म्हणाल्या. घर कोठेही बांधा, अंगणातील माती थोडी मोकळी राहू द्या, एवढीच वाचकांना विनंती.