पहिल्या सात दिवसांचा घास

अगं, शेड उभी राहिली, आता पिल्लं येणार, तू हरखून गेली आहेस हे तुझ्या आवाजातच कळतं. पडदे, ब्रूडर, लसी सगळं तोंडपाठ झालंय तुझं. पण या धंद्यात शंभर रुपये खर्च झाले, तर त्यातले साठ-सत्तर खाद्यात जातात आणि खाद्याबद्दल तू मला एवढंच विचारलंस की गोणी स्वस्त कुठे मिळेल! म्हणून म्हटलं, सवडीनं बोलूच.

प्री-स्टार्टरची, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या खाद्याची, गोणी महाग वाटते, ती टाळून थेट स्टार्टर घालावं असं तुझ्या मनात आहे ना? आधी हिशोब ऐक. पिल्लू येतं तेव्हा चाळीसेक ग्रॅमचं असतं आणि पाच आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातं. तेवढ्यात ते सव्वातीन किलोच्या आतबाहेर खाद्य खातं. त्यातलं पहिल्या आठवड्याचं किती? दीडशे-एकशे साठ ग्रॅम. म्हणजे हजार पिल्लांना साडेतीन गोण्याही लागत नाहीत. सगळ्या खाद्याच्या विसाव्या भागात काटकसर करून तू वाचवणार किती? आणि याच आठवड्यात त्याचं आतडं तयार होत असतं. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, तोही दाणा लवकर पोटात गेला की लवकर जिरतो. इथं मागे पडलेलं पिल्लू पुढे कितीही खाऊ घातलं तरी सहसा बरोबरीला येत नाही.

भारतीय मानक ब्युरोचं २००७चं मानक बघ. प्री-स्टार्टरमध्ये प्रथिनं २३ टक्के, स्टार्टरमध्ये २२, फिनिशरमध्ये २०. ऊर्जा मात्र उलटी चढत जाते: किलोला ३०००, ३१००, ३२०० किलोकॅलरी. आधी अंग धरायचं असतं, मागाहून भरायचं असतं, म्हणून तसं.

पण नुसत्या टक्क्यावर भुलू नकोस हं. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात. त्यामुळे पेंडीत कुणी युरिया मिसळला, तरी कागदावर प्रथिनं फुगलेली दिसतात. पिल्लाला त्याचा उपयोग शून्य, अपाय मात्र होतो. त्याला लागतात प्रथिनांतले लायसिन आणि मिथिओनिन हे घटक. मक्यात लायसिन कमी, ते सोयापेंड भरून काढते. सोयात मिथिओनिन कमी, ते वरून घालावं लागतं. लेबलावर हे दोन्ही लिहिलेले आहेत का, ते दुकानदाराला विचारायला लाजू नकोस.

जावईबापू म्हणतात, घरचा मका आहे, सोयाबीन आहे, दळून घालू. त्यांना माझा निरोप सांग, या बॅचला नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. तो उष्णतेनं मोडावा लागतो, आणि जास्त भाजलं तर लायसिन जातं. हे गिरणीत जमायचं नाही. मक्याचं तर त्याहून अवघड. खरिपाचा मका ओला राहिला की बुरशी धरते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्याच्या यकृतावर बसतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड त्याला कारण होती आणि त्या तपासातूनच हे विष जगाला कळलं. त्याला ना रंग, ना वास. दाणा वरून चांगला दिसला, तरी खात्री देता येत नाही आणि उन्हात वाळवून ते जातही नाही. आणि सासूबाई म्हणतील, आमच्या कोंबड्या कण्यांवर वाढल्या. वाढल्या ना, पण त्या गावरान होत्या, दिवसभर उकिरडा उकरून किडे वेचायच्या. ब्रॉयलरच्या पिल्लाला तुझ्या भांड्याबाहेर काहीच मिळत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, हो म्हण आणि गोणी उघड.

गोणी उघडलीस की हात कोपरापर्यंत आत घाल. आतलं खाद्य गरम लागलं, गोळे झालेले असले, कुबट किंवा खवट वास आला, तर ती गोणी बाजूला ठेव. मूठभर तळहातावर घे, क्रम्बचे दाणे किती आणि पीठ किती ते बघ. पीठ जास्त असेल तर पिल्लं दाणे वेचतात, पीठ मागे राहतं आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळंच जातं. गोणीवरची तारीख आणि बॅच नंबर वहीत लिही, किलोभर नमुना बांधून ठेव. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीतरी पाहिजे. गोण्या फळ्यांवर रच, भिंतीपासून फूटभर लांब. पावसाळ्यात तर महिन्याचं सोड, पंधरवड्याचंच आण.

पिल्लं उतरवलीस की आधी पाणी, मग कागदावर खाद्य, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. आणि रात्री मी सांगते ते कर. वेगवेगळ्या कोपऱ्यांतली वीस-तीस पिल्लं एकेक करून उचल आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी दोन बोटांनी हळूच चाचप. मऊ आणि भरलेली लागली, तर खाल्लंय, प्यालंय. टणक लागली, तर दाणा गेलाय, पाणी मिळालेलं नाही. नुसतीच पाणचट लागली, तर खाद्यापर्यंत पोचलेलं नाही. रिकामी असेल, तर आधी ऊब तपास, कारण गारठलेलं पिल्लू कोपऱ्यात बसतं, खायला उठत नाही. दुसऱ्या दिवशी शंभरातल्या पंच्याण्णव पिल्लांची पिशवी भरलेली हवी.

कुणी 'वाढीची पावडर' खपवायला आलं तर दारातूनच परत पाठव. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर सरकारनं २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि पक्ष्यांना बंद केलंय. पक्षी आजारी वाटला तर पशुवैद्य आहेत, दुकानदाराला डॉक्टर करू नकोस.

सातव्या दिवशी पन्नासेक पिल्लांचं वजन कर, पण पुढ्यात येतील ती धीट पिल्लंच नको उचलूस, कोपऱ्यातलीही घे. आल्या दिवशीच्या वजनाच्या चौपटीहून जास्त सरासरी भरली, तर पुढच्या गोण्या निर्धास्त मागव. कमी भरली, तर खाद्याला दोष देण्याआधी ऊब आणि पाणी बघ, मग तो बांधून ठेवलेला नमुना काढ. आणि आकडा कसाही असो, आधी मला फोन कर, जावईबापूंना नंतर सांग.